पडद्यावरचे गाव नेमके कोठले?

मालिकेत एका गावाचे नाव सांगून प्रत्यक्षात दुसरेच गाव दाखवले जाते, त्याविषयी प्रश्न पाठवण्याची विनंती आम्ही मागील अंकात केली होती. आलेल्या पत्रांत जुन्या दूरदर्शनपासून अलीकडच्या वेब मालिकांपर्यंत अनेक विषय आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून येथे उत्तरे देत आहोत. वाईवरच्या पत्राचे उत्तर चित्रपटांविषयी असले, तरी ओळखण्याची रीत तीच असल्यामुळे तेही घेतले आहे.

प्रश्न : 'पंचायत' ही मालिका आमच्या घरात सर्वांनी आवडीने पाहिली. तिचे कथानक उत्तर प्रदेशातील बलिया जिल्ह्यातल्या फुलेरा गावात घडते. नोकरीनिमित्त मी त्या भागात राहून आलो आहे, परंतु पडद्यावरचे शिवार मला ओळखीचे वाटले नाही. हा माझा भ्रम आहे का? चित्रीकरण कोठे झाले हे सामान्य प्रेक्षकाने कसे ओळखावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपला भ्रम झालेला नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या या मालिकेतील फुलेरा म्हणजे प्रत्यक्षात मध्य प्रदेशातील सीहोर जिल्ह्यातले महोडिया हे गाव आहे. बलिया जिल्हा गंगा आणि घाघरा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेला आहे, आणि तेथील जमीन या नद्यांनी हजारो वर्षे आणून टाकलेल्या गाळाची, फिकट रंगाची व सपाट आहे. शेतात नांगर कितीही खोल घातला तरी दगड लागत नाही. सीहोर मात्र माळव्याच्या पठारावर आहे. ज्या लाव्हाच्या थरांनी आपले दख्खनचे पठार घडले, त्याच थरांनी माळवाही घडला, म्हणून तेथील माती काळी आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात पायाला चिकटून येते आणि बांधावर काळे गोटे पडलेले असतात. मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या शेतकऱ्याला ती जमीन आपल्याकडची वाटली तर त्यात नवल नाही, कारण भूगर्भाच्या दृष्टीने ती खरोखरच आपल्याकडची आहे.

मात्र पिकावरून निर्णय करताना सावध राहावे. हिवाळ्यात दोन्ही जिल्ह्यांत गहू उभा असतो, आणि हिरव्या गव्हाचे शेत पाहून कोणालाही प्रांत सांगता येणार नाही. पावसाळ्यात फरक अधिक स्पष्ट होतो; माळव्यात सोयाबीन दिसेल, तर पूर्व उत्तर प्रदेशात भाताची खाचरे दिसतील.

आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळतो, कारण बाकीच्या पत्रांनाही तो लागू आहे. चित्रीकरणाच्या ठिकाणी कला विभागाची माणसे आधी पोहोचतात आणि माणसाने केलेली प्रत्येक गोष्ट ती बदलू शकतात. ग्रामपंचायतीची पाटी, भिंतीवरची जाहिरात, दुकानाचे नाव आणि मोटारसायकलीचा क्रमांक यांना वेश चढवणे सोपे असते. बलियाचा 'यूपी ६०' हा क्रमांक गाडीवर चिकटवायला कितीसा वेळ लागणार? म्हणून जो प्रेक्षक पाट्या वाचून ठिकाण ओळखू पाहतो, तो नेमका तेथेच फसतो जेथे त्याला फसवण्याची तयारी आधीपासून झालेली असते. माती, घरांच्या जोत्याचा दगड, दूरवरची डोंगररेषा, आपोआप उगवलेली झाडे आणि छपरांचा उतार या गोष्टी मात्र कोणतीही निर्मिती संस्था सहसा बदलत नाही, कारण ते खर्चाच्या आणि शक्यतेच्या पलीकडचे असते. तेव्हा आधी चौकटीतील सर्वांत दूरची वस्तू पाहावी आणि मग हळूहळू जवळ यावे. पात्रांच्या मागे काय आहे ते पाहण्यासाठी दृश्य थांबवावे आणि डोंगराची बाह्यरेषा कागदावर काढून उपग्रह नकाशाच्या त्रिमितीय दृश्याशी ताडून पाहावी. आणखी एक साधन फारसे कोणी वापरत नाही, ते म्हणजे आभारपाट्या. तेथे जिल्हा प्रशासनाचे, ग्रामपंचायतीचे किंवा राज्याच्या पर्यटन विभागाचे नाव बहुधा असतेच, आणि ते कथेतल्या राज्याचे नसून चित्रीकरणाच्या राज्याचे असते.

प्रश्न : मी वाई तालुक्यातील आहे. आमचे कृष्णेचे घाट आणि मेणवली ही ठिकाणे नेहमी उत्तर हिंदुस्थानातील गावे म्हणून दाखवली जातात. बाहेरच्या प्रेक्षकाने वाई ओळखायची कशी, आणि निर्माते पुन्हा पुन्हा येथेच का येतात? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : वाईने घेतलेल्या भूमिकांची यादी मोठी आहे. 'गंगाजल' (२००३) मध्ये ती बिहार झाली, 'स्वदेस' (२००४) मध्ये मेणवलीचा घाट उत्तर प्रदेशातील चरणपूर झाला आणि 'दबंग' (२०१०) मध्ये पुन्हा उत्तर प्रदेशातील लालगंज. निर्माते येथे येतात, त्याचे कारण साधे आहे. मुंबईहून सकाळी निघालेली सामानाची गाडी त्याच दिवशी वाईत पोहोचते, वरच पाचगणी आणि महाबळेश्वर असल्यामुळे शेकडो माणसांच्या राहण्याची सोय होते, आणि नदी, घाट, देवळे, वाडे, बाजारपेठ व शेते एवढे सर्व थोड्या अंतरात मिळते. जुना घाट आणि त्यामागे वाहती नदी ही चौकट हिंदी प्रेक्षकाच्या मनात थेट गंगाकाठाशी जोडलेली आहे, त्यामुळे त्यावर फारसे संस्कारही करावे लागत नाहीत.

ओळखण्याच्या खुणा मात्र ठळक आहेत. पहिली खूण दगडाची. वाई आणि मेणवली येथील घाट काळ्या पाषाणाचे आहेत. काशीचे घाट आणि गंगाकाठच्या बऱ्याच जुन्या इमारती चुनारच्या फिकट, पिवळसर-गुलाबी वालुकाश्माच्या आहेत. पायऱ्या काळ्या असतील आणि कथा बिहारची असेल, तर तेथेच थांबून विचार करावा. दुसरी खूण क्षितिजाची. सह्याद्रीचे डोंगर माथ्यावर सपाट असतात आणि त्यांच्या उतारावर कड्यांचे आडवे थर एकावर एक दिसतात. पाचगणीचे पठार हे त्याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. गंगेच्या मैदानात असा डोंगर नाही. तिसरी खूण नदीची. वाईजवळची कृष्णा लहान आहे, पलीकडच्या काठावरचा माणूस ओळखता येतो. पूर्व उत्तर प्रदेशातील गंगा किंवा घाघरा एवढ्या अरुंद पात्रात क्वचितच दाखवता येईल.

देवळे तर अधिकच बोलकी आहेत. ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. कृष्णेच्या पुराचा लोंढा दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावा, म्हणून त्याची मागील भिंत मत्स्याकार, निमुळती ठेवलेली आहे, आणि पाण्याच्या बाजूने घेतलेल्या दृश्यात ही भिंत दिसली की दुसऱ्या पुराव्याची गरज उरत नाही. पेशवाईतील चुनेगच्ची शिखरे, त्यांतील कोनाडे आणि त्यांत बसवलेल्या मूर्ती, तसेच अंगणातली दीपमाळ हीदेखील आपल्या प्रांताची ओळख आहे. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याखालचा घाट आहे. तेथील मेणेश्वराजवळ टांगलेली मोठी घंटा वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांनी आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी आहे. ज्या ठिकाणी एवढा इतिहास पायरीपायरीवर आहे, त्याचे नाव आभारपाटीत बारीक अक्षरांत उरावे, याचे वाईकरांना वाईट वाटत असेल तर ते योग्यच आहे.

प्रश्न : 'चेर्नोबिल' ही मालिका प्रत्यक्ष त्या शहरात चित्रित झाली आहे का? किरणोत्सर्गाच्या भागात कलाकारांना कसे नेले असेल? (एक वाचक, पुणे)

उत्तर : कलाकारांना तेथे न्यावे लागले नाही. २०१९ मध्ये प्रसारित झालेल्या या पाच भागांच्या मालिकेचे बहुतेक चित्रीकरण लिथुआनियात झाले आणि काही थोडे युक्रेनमध्ये. यात किरणोत्सर्गाइतकेच महत्त्वाचे दुसरे कारण आहे. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रात स्फोट झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी केंद्राजवळचे प्रिप्याच हे शहर रिकामे करण्यात आले. तेव्हापासून तेथे वस्ती नाही. रस्त्यांमधून झाडे उगवली आहेत आणि इमारती जंगलाने वेढल्या आहेत. मालिकेला हवे होते ते स्फोटाच्या आदल्या दिवसाचे, मुलाबाळांनी भरलेले, १९७० साली वसवलेले ताजे सोव्हिएत शहर, आणि तसे शहर आज खऱ्या प्रिप्याचमध्ये सापडणेच शक्य नाही.

ते सापडले विल्नियसमध्ये. लिथुआनियाच्या या राजधानीत फाबियोनिश्केस नावाची वसाहत आहे, जी सोव्हिएत राजवटीच्या अखेरच्या दशकात उभी राहिली. त्या काळात मॉस्कोपासून मध्य आशियापर्यंत घरबांधणी ठरावीक साच्यांत होत असे. कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती आणून जोडायच्या आणि नऊ मजल्यांची किंवा पाच मजल्यांची इमारत उभी करायची. त्यामुळे विल्नियसची एक गल्ली प्रिप्याचच्या गल्लीसारखी दिसते, हा कला विभागाचा चमत्कार नसून सोव्हिएत नियोजनाचा परिणाम आहे.

तरीही ज्यांचे बालपण अशा इमारतींत गेले आहे, त्या प्रेक्षकांनी एक गोष्ट लगेच पकडली, ती म्हणजे खिडक्या. मूळ इमारतींना लाकडी चौकटी होत्या. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतरच्या तीस वर्षांत रहिवाशांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चौकटी बसवल्या आणि सज्जे काचांनी बंद करून घेतले. कोणी एका पद्धतीने, कोणी दुसऱ्या. १९८६ च्या शहरात या खिडक्या असणे शक्य नाही. दिग्दर्शक योहान रेंक यांनाही त्यांचा उपद्रव जाणवला होता, परंतु त्या सर्व नंतर संगणकावर पुसून काढण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. मालिका पुन्हा पाहताना रस्त्यावरच्या माणसांवरून नजर काढून वरच्या मजल्यांकडे न्यावी. एका लाकडी खिडकीशेजारी रुंद, एकसंध काचेची पांढरी खिडकी दिसेल आणि तिच्यामागे २०१८ मध्ये राहणारे एक खरे कुटुंब आहे हे लक्षात येईल. मला ही गोष्ट मालिकेचा दोष वाटत नाही. ज्या घरात लोक राहतात तेथे चित्रीकरण झाले, आणि लोकांनी आपले घर अधिक उबदार करून घेतले होते, एवढाच तिचा अर्थ आहे.

अणुवीज केंद्राची बाह्यदृश्ये आणि आतली काही दृश्ये यांसाठी विसागिनास शहराजवळचे इग्नालिना केंद्र वापरले गेले. ही निवड फार नेमकी होती. चेर्नोबिलची अणुभट्टी ज्या आरबीएमके या सोव्हिएत प्रकारची होती, त्याच प्रकारच्या दोन भट्ट्या इग्नालिनाला होत्या. चेर्नोबिलची प्रत्येकी १००० मेगावॅटची, तर येथील १५०० मेगावॅटसाठी आखलेली. युरोपीय संघात प्रवेश देताना लिथुआनियाला हे केंद्र बंद करण्याची अट घातली गेली, आणि त्यानुसार पहिली भट्टी २००४ च्या अखेरीस व दुसरी २००९ च्या अखेरीस बंद झाली. त्यामुळे चित्रीकरणाच्या वेळी एक खरे, त्याच आराखड्याचे आणि वीज न बनवणारे केंद्र उपलब्ध होते. लांबलचक मार्गिका, उंच यंत्रशाळा आणि भिंतींचे रंग ज्या प्रेक्षकांना विलक्षण खरे वाटले, ते तसे वाटण्याचे कारण ते खरेच आहेत. याशिवाय २०१४ पासून लिथुआनियात चित्रपट व मालिकांच्या निर्मितीला करसवलतीची योजना आहे, आणि खर्चाचा हिशेब मांडताना त्याचा विचार होतोच.

प्रश्न : 'इंडियन समर्स' या इंग्रजी मालिकेत १९३२ चे सिमला दाखवले आहे. मी कित्येक वर्षे हिमालयाच्या पायथ्याशी राहत आहे आणि मला त्यातील एकही झाड सिमल्याचे वाटले नाही. (एक मराठी वाचक, डेहराडून)

उत्तर : आपण योग्य ठिकाणी पाहिलेत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेचे चित्रीकरण मलेशियातील पेनांग बेटावर, जॉर्ज टाउन शहरात आणि पेनांग हिल या टेकडीवर झाले. सिमला सुमारे २२०० मीटर उंचीवर आहे आणि तेथे देवदार, चीड, बान (ओक) व बुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) यांचे राज्य आहे. पेनांग हिल त्याच्या निम्म्याहूनही कमी उंचीची असून विषुववृत्तापासून फार दूर नाही, त्यामुळे तेथे वृक्षाएवढी वाढणारी नेचे, ताड जातीची झाडे आणि खोडांवर चढलेल्या रुंद पानांच्या वेली दिसतात. देवदाराची फांदी आडवी पसरते आणि तिच्यातून उजेड पट्ट्यापट्ट्यांनी खाली येतो. विषुववृत्तीय रानात तसा उजेड कोठेही मिळत नाही. हवेचाही फरक दिसतो. सिमल्याच्या संध्याकाळी शाल लागते, आणि पेनांगच्या दमट हवेत दूरची टेकडी नेहमी धूसर, दुधट दिसते.

सिमला सोडण्याचे मुख्य कारण तेथे आज झालेली दाट बांधकामे हे होते. १९३२ चे मोकळे उतार दाखवण्यासाठी चौकटीतून अर्धे शहर वगळावे लागले असते. पेनांगची निवड का झाली, हेही समजण्यासारखे आहे. इंग्रजांनी १७८६ मध्ये या बेटावर ठाणे केले आणि उन्हाळ्यातील विसाव्यासाठी टेकडीवर बंगले बांधले. सिमला, महाबळेश्वर आणि पेनांग हिल येथे हे बंगले बांधणारी राजवट एक, तिच्या सवयी एक आणि त्यामुळे व्हरांडे, बगीचे, क्लब आणि चर्च यांची मांडणीही एकाच वळणाची. पेनांग हिलवरील जुने क्रॅग हॉटेल मालिकेत सिमल्याचा क्लब झाले आहे. तेव्हा या मालिकेत इमारती पाहून प्रेक्षक फसतो आणि झाडे पाहून सावध होतो. मलेशियात वाहने भारताप्रमाणेच डावीकडून चालतात, म्हणून रस्त्यावरची दृश्येही खटकत नाहीत.

प्रश्न : एका शहराच्या नावाखाली दुसरे शहर दाखवणे ही प्रेक्षकांची आणि त्या शहराची फसवणूक नाही का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : माझे मत असे आहे की काल्पनिक गावासाठी कोणतीही जागा निवडावी, त्यात कोणाचेच नुकसान नाही. नाव खऱ्या आणि जिवंत शहराचे घेतले, की जबाबदारी वाढते. 'होमलँड' या अमेरिकी मालिकेने याचा पुरेपूर प्रत्यय दिला. २०१२ मध्ये तिच्या दुसऱ्या पर्वात बैरूतचा हमरा रस्ता दाखवला गेला. हमरा हा उपाहारगृहांनी आणि दुकानांनी गजबजलेला भाग. मालिकेत तो बंदूकधाऱ्यांचा अड्डा झाला, आणि चित्रीकरण झाले होते इस्रायलमध्ये. लेबनॉनचे तत्कालीन पर्यटनमंत्री फादी अब्बूद यांनी त्यावर कायदेशीर कारवाईचा विचार असल्याचे जाहीरपणे सांगितले. २०१४ च्या चौथ्या पर्वात इस्लामाबाद म्हणून दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन दाखवण्यात आले. इस्लामाबाद हे मारगल्लाच्या डोंगरांखाली आखून वसवलेले, रुंद रस्त्यांचे आणि भरपूर झाडांचे शहर असताना ते कोंदट व भकास दिसले, म्हणून पाकिस्तानी अधिकाऱ्यांनी नाराजी व्यक्त केली. ही नाराजी मला रास्त वाटते. ज्या प्रेक्षकाने ते शहर कधी पाहिलेले नाही, त्याच्या मनात हेच चित्र कायमचे राहते.

ओळखण्याच्या दृष्टीने पाहिले, तर या निवडींमागचा हिशेब उघड आहे. पाकिस्तान आणि दक्षिण आफ्रिका या दोन्ही देशांत वाहने डावीकडून चालतात, तर लेबनॉन आणि इस्रायलमध्ये उजवीकडून. जुळणी करणारे ही बाब फार आधी तपासतात, त्यामुळे वाहनांची बाजू चुकलेली क्वचितच सापडते. केपटाउनच्या बाबतीत सूर्याकडे पाहावे. दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तेथे भर दुपारी सूर्य उत्तरेकडे कललेला असतो, आणि दृश्यातील रस्त्याची दिशा नक्की माहीत असेल तर सावल्या उलट्या पडलेल्या दिसतात.

याच मालिकेच्या पाचव्या पर्वातली एक घटना मला विशेष महत्त्वाची वाटते. कथेत सीरियन निर्वासितांची छावणी होती आणि तिचा सेट बर्लिनमध्ये उभारला होता. भिंती खऱ्या वाटाव्यात म्हणून अरबी मजकूर लिहिण्याचे काम काही कलावंतांना दिले गेले. त्यांनी लिहिलेल्या मजकुरात 'होमलँड वंशद्वेषी आहे' अशा अर्थाचे वाक्यही होते. निर्मात्यांपैकी कोणी तो वाचून पाहिला नाही आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये तो भाग तसाच प्रसारित झाला. अरबी वाचणाऱ्या प्रेक्षकांना तो पहिल्या नजरेत दिसला. पाट्यांवर विश्वास ठेवू नये असे मी वर म्हटले आहे, पण त्या वाचू नयेत असे नाही. आपल्याला जी लिपी येते, त्या लिपीतील प्रत्येक भिंत वाचावी.

प्रश्न : 'तारक मेहता का उल्टा चश्मा'मधील गोकुलधाम सोसायटी खरोखर गोरेगावात आहे का? आणि २०२१ च्या टाळेबंदीत मराठी मालिकांतील घरे अचानक का बदलली? (दोन वाचक, ठाणे व रत्नागिरी)

उत्तर : गोकुलधामचा पत्ता कथेत गोरेगाव पूर्व असा दिलेला आहे आणि तिचे आवार उभे आहे ते गोरेगाव पूर्वेच्याच दादासाहेब फाळके चित्रनगरीत. सोसायटी सेटवरची आहे, पण उपनगर बदललेले नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण थांबवण्यात आले. रोजच्या भागांची साखळी तुटू नये म्हणून अनेक मालिकांनी गोवा, दमण, सिल्वासा, हैदराबाद अशा ठिकाणी मुक्काम हलवला. पुढे मे महिन्याच्या सुरुवातीस गोव्यानेही परवानगी थांबवली. कथेतील कुटुंबे मात्र पुण्या-मुंबईचीच होती, त्यामुळे सहलीचे, विवाहाचे किंवा गावच्या घराचे प्रसंग घालून वेळ निभावून नेण्यात आली. आपण रत्नागिरीचे असल्यामुळे गोव्याच्या खुणा आपल्याला सांगायला नकोत, तरी देशावरील वाचकांसाठी नोंदवतो की आवाराच्या भिंतीतला जांभ्याचा चिरा, तांबडी माती, दारापुढचा बसायच्या कट्ट्यांचा पोर्तुगीज घाटणीचा सोपा आणि जुन्या घरांतील शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या यांपैकी दोन गोष्टी एका चौकटीत दिसल्या, तर ते घर पुण्यातील नाही.

प्रश्न : 'मॅश' ही कोरियन युद्धावरील जुनी अमेरिकी मालिका पाहताना मागचे डोंगर मला रोजच्या ओळखीचे वाटतात. (एक मराठी वाचक, कॅलिफोर्निया)

उत्तर : ते आपल्याच राज्यातले आहेत. १९७२ ते १९८३ या काळातील या मालिकेची बाह्यदृश्ये लॉस एंजेलिसजवळ, आज मालिबू क्रीक स्टेट पार्क म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात घेतली गेली. उन्हाळ्यात वाळून सोनेरी झालेले गवत आणि त्यात विखुरलेले ओक हे कॅलिफोर्नियाचे रूप आहे. कोरियात उन्हाळा हाच पावसाचा काळ असल्यामुळे तेथील डोंगर त्या दिवसांत हिरवेगार असतात. ऑक्टोबर १९८२ मध्ये तेथे वणवा लागून छावणीचा सेट जळाला, आणि लेखकांनी ती आग अखेरच्या भागाच्या कथेत घेतली. खऱ्या जागेने कथेत एवढा थेट प्रवेश केल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

प्रश्न : लहानपणी पाहिलेले 'मालगुडी डेज' अजून विसरलेलो नाही. मालगुडी कोठे आहे? तेथे कुटुंबासह जाता येईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आर. के. नारायण यांचे मालगुडी नकाशावर नाही. सरयू नदी आणि मेंपीचे डोंगर असलेले दक्षिणेतील एक गाव, एवढीच त्याची ओळख आहे. १९८६ मध्ये शंकर नाग यांनी मालिका केली, तेव्हा त्यांनी कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यातले आगुंबे निवडले. शंकर नाग यांची नाट्यकारकीर्द मुंबईत, मराठी रंगभूमीच्या सहवासात घडली होती, म्हणून आपल्याकडे त्यांच्याविषयी वेगळा जिव्हाळा आहे. आगुंबे घाटमाथ्यावर असून तेथे वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कथांतील मालगुडी ऊन आणि धुळीचे आहे; मालिकेतील मालगुडीत मात्र भिंतींवर शेवाळ, मंगलोरी कौलांची उतरती छपरे आणि मागे पोफळी दिसतात. मालिका मूळ गावापेक्षा ओली आहे असे म्हणावे लागेल, आणि माझ्या मते त्या ओलाव्याने तिला लाभच झाला.

मालिकेतील स्वामी या मुलाचे घर म्हणून दाखवलेला दोड्डमने हा जुना, लाकडी खांबांचा वाडा आगुंबेत आहे. ते खासगी घर आहे. तेव्हा आधी विचारावे, पादत्राणे बाहेर काढावीत, घरातील माणसांची छायाचित्रे त्यांच्या संमतीशिवाय घेऊ नयेत, आणि दहा जणांनी एकदम आत शिरू नये. 'रात्रीस खेळ चाले'मुळे सिंधुदुर्गातील आकेरीच्या वाड्यावर पर्यटकांची रीघ लागली होती, हे आपल्याला माहीत असेलच. अशी गर्दी त्या घरात राहणाऱ्यांच्या रोजच्या आयुष्यावर काय परिणाम करते, याचा विचार प्रत्येक पाहुण्याने करायला हवा.

मालगुडीचे रेल्वे स्थानक आगुंबेत नाही, कारण आगुंबेला रेल्वेच नाही. ते शिवमोग्गा–तालगुप्पा मार्गावरील अरसाळू येथे आहे. तेथील जुनी इमारत बराच काळ वापराविना होती. रेल्वेने ती दुरुस्त करून २०२० मध्ये 'मालगुडी संग्रहालय' केले. कोल्हापूरहून निघाल्यास आधी शिवमोग्गा गाठावे, एक दिवस अरसाळूसाठी आणि एक दिवस आगुंबेसाठी ठेवावा. जून ते सप्टेंबर या काळात आगुंबेच्या घाटात पाऊस आणि धुके यांमुळे फारसे दिसत नाही, शिवाय त्या दिवसांत जळवाही असतात, म्हणून मुलांना घेऊन जायचे असल्यास ऑक्टोबरनंतरचे दिवस बरे. जुने दृश्य हाताशी ठेवून स्थानकाशी ताडून पाहणार असाल, तर रुळांकडे लक्ष देऊ नका. मालिकेतील गाडी मीटरगेजवरची आहे आणि आजचा मार्ग ब्रॉडगेज झाला आहे.